गंज काढावा की राहू द्यावा?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या अगदी शेवटी, कलम ४५ मध्ये, एक सूट दिलेली आहे. जुन्या घडणीचं, पुरावस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त झालेलं जे हत्यार दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून चालूच शकत नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वाचताना यात काही खटकत नाही. पण जुनी रिव्हॉल्वरं जमवून ती पूर्ववत करण्याचा छंद आपल्याकडे का रुजला नाही, याचं निम्मं उत्तर त्या 'दुरुस्त करून वा न करता'मध्ये आहे. अमेरिकेतला संग्राहक दीडशे वर्षांपूर्वीचं रिव्हॉल्वर विकत घेतो, गंज उतरवतो, तुटलेली स्प्रिंग बदलतो, चक्री घोड्याच्या प्रत्येक ओढीला नेमक्या जागी येऊन अडकते की नाही ते पाहतो आणि मग ते काचेच्या कपाटात ठेवतो. आपल्याकडे हेच काम केलं, की वस्तू पुरावस्तू राहत नाही, अग्निशस्त्र होते. परवान्याशिवाय ते घरात सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. गंजून एकजीव झालेला लोखंडाचा गोळा मात्र खुशाल भिंतीला टांगा.

म्हणजे भारतीय कायद्याला जुनं हत्यार मेलेलं हवं आहे, आणि संग्राहकाला ते जिवंत करायचं आहे. या ओढाताणीत संग्राहकाची बाजू घ्यावी असं पहिल्यांदा वाटतं. पण प्रश्न जितका उकलत जातो तितकी त्याची बाजू लंगडी पडत जाते, आणि कायद्याची बाजूही फार भक्कम उरत नाही.

आधी वऱ्हाडात आहे काय ते पाहू. अमरावतीच्या राजापेठेत कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेतून जुनं रिव्हॉल्वर निघालं, तर त्याची दाद शहर पोलीस आयुक्तालयात लागते, कारण आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त असतो. तेच रिव्हॉल्वर अंजनगाव सुर्जीत किंवा अकोल्यात निघालं तर जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं. पण ट्रंकेतून रिव्हॉल्वर निघण्याचा योग मुळातच दुर्मीळ. वऱ्हाडातलं खरं जुनं हत्यार म्हणजे भरमार. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि बार काढायचा, अशी एकनळी बंदूक. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत रानडुक्कर आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून ती बापाकडून मुलाकडे आली. आजच्या कायद्यातही तिच्यासाठी वेगळी जागा आहे: पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, इतर आक्षेप नसेल तर, परवाना द्यायचा असं कलम १३ सांगतं. त्याहून जुनं हवं असेल तर नरनाळ्याची नऊगजी तोफ आहे, गाविलगडावरच्या तोफा आहेत. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर जी लढाई झाली, ती तोफा आणि चकमकीच्या बंदुकांची होती. रिव्हॉल्वरचा जन्म त्यानंतर तीसेक वर्षांनी झाला.

सॅम्युअल कोल्टचं अमेरिकन पेटंट १८३६ चं. एका नळीमागे फिरणारी चक्री, तिच्यात पाच-सहा घरं, घोडा मागे ओढला की पुढचं घर नळीसमोर येणार. कल्पना कोल्टच्या आधीही होती. त्याचं कर्तृत्व ती यंत्रावर, एकसारख्या सुट्या भागांनी बनवण्यात. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्यासमोर रॉबर्ट ॲडम्स या इंग्रजाचं रिव्हॉल्वर उभं ठाकलं. कोल्टला प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा ओढावा लागे. ॲडम्सचं नुसता चाप दाबला की चाले. अंगावर येणाऱ्या माणसाला थोपवायचं तर हेच बरं, असं हिंदुस्थानात नोकरीला येणाऱ्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना वाटलं. त्या काळी अधिकारी आपलं रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने घेत. कोल्टने १८५३ मध्ये लंडनला कारखाना काढला आणि तीनेक वर्षांत बंदही केला. योगायोग असा, की त्याच १८५३ साली निजामाने हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. एलिचपूरच्या छावणीतल्या (आजही लोक तिला अचलपूर कॅम्पच म्हणतात) आणि चिखलदऱ्याला उन्हाळा काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ही नवी चीज आली असणार, ती याच सुमारास.

पुढचा दुवा कापसाचा आहे, आणि मला तो फार आवडतो. १८६१ ते १८६५ चं अमेरिकन यादवी युद्ध कोल्टला पावलं: १८६० च्या 'आर्मी' नमुन्याची सुमारे दोन लाख रिव्हॉल्वरं बनली. तेच युद्ध वऱ्हाडालाही पावलं. दक्षिणेतला कापूस मँचेस्टरला पोचेना, तेव्हा मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले आणि अमरावती-खामगावच्या पेढ्यांत पैसा खेळू लागला. आज अमेरिकन संग्राहक ज्या काळातली रिव्हॉल्वरं जिवापाड जपतात, त्याच काळात आमच्याकडे जिनांचे आणि वाड्यांचे पाये खोदले जात होते. पैसा होता, चोर-दरोडेखोर होते, हौस होती. मग वऱ्हाडातल्या वाड्यांत रिव्हॉल्वरं का नाहीत?

त्याचं उत्तर १८७८ चा शस्त्र कायदा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला हा कायदा हिंदी माणसाला परवाना मागायला लावी आणि युरोपियनांना त्यातून सूट देई. काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या भेदभावावर वारंवार तक्रार केली. अमरावतीला काँग्रेस भरली ती १८९७ च्या डिसेंबरात; त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली होती. पुढच्या काळात सूट मिळालेल्या हिंदी लोकांची यादी वाढली: संस्थानिक, मोठे जमीनदार, रावबहादूर-खानबहादूर असे किताबवाले. त्यामुळे एखाद्या वऱ्हाडी देशमुखांच्या वाड्यात जुनं वेब्ली रिव्हॉल्वर असलंच, तर त्याच्यामागे बहुधा एक कागद असतो: सनद, किताबाचं पत्र, परवान्याचं पुस्तक, नाहीतर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीची पावती. अमेरिकेत रिव्हॉल्वर म्हणजे शेतकऱ्याच्या कपाटातली साधी वस्तू. इथे ते सरकारच्या मर्जीचं प्रमाणपत्र होतं. लोखंडाइतकाच त्या कागदालाही इतिहास आहे. आणि घर आवरताना पहिला बळी जातो तो नेमका कागदाचा.

ज्यांना परवाना मिळणं शक्य नव्हतं त्यांनी दुसरे मार्ग शोधले. १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंग पिस्तुलातून सुटल्या. सावरकरांनी लंडनहून गुपचूप पाठवलेल्या वीस ब्राउनिंगांपैकी ते एक. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगाली क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुलं कलकत्त्यात पळवली. ही सगळी पिस्तुलं, रिव्हॉल्वरं नव्हेत: चक्री नाही, मुठीतून किंवा पुढच्या पेटीतून गोळ्या आपोआप वर येतात. क्रांतिकारकांना नवं यंत्र हवं होतं, आणि तोवर रिव्हॉल्वर निम्मं म्हातारं झालं होतं. अपवाद आहेत. १९३१ च्या २२ जुलैला फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटेंनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर जे झाडलं ते रिव्हॉल्वर होतं. हॉटसन वाचला, आणि गोगट्यांना लोक जन्मभर हॉटसन-गोगटेच म्हणत राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला आणि १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. युरोपियनांची सूट इतिहासजमा झाली, पण परवान्याची चौकट राहिली. एका माणसाला तीन बंदुकांची मर्यादा होती; २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. तिसरी असेल त्याने वर्षाच्या आत ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी असा आदेश झाला. वारसाहक्काने आलेली बंदूकही या दोनांतच मोजायची. नेमबाजी खेळणाऱ्यांना वेगळी सवलत आहे. संग्राहकाला तशी नाही. दोन नगांत कसला संग्रह होणार? तिकिटं जमवणाऱ्याला दोनच तिकिटं ठेव म्हणण्यासारखं हे आहे. भरीला काडतुसाची अडचण. लष्कर-पोलिसांची काडतुसं ज्यात चालतात ते बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, आणि वेब्लीची सगळ्यात नावाजलेली रिव्हॉल्वरं नेमकी लष्करी .४५५ ची. १८८७ च्या 'मार्क वन'पासून १९१५ च्या 'मार्क सिक्स'पर्यंतची सबंध मालिका सामान्य परवान्याच्या पलीकडे जाते.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियमांत बदल करून एक खिडकी किलकिली केली. 'क्युरिओ' या वर्गात मोडणारी लहान शस्त्रं घेण्यास व घरी ठेवण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही. ती वापरायची, बाळगून हिंडायची किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यायची असतील तर मात्र लागेल. आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय तिच्यासाठी काडतूस विकलं जाणार नाही. संग्राहकांनी या बदलाचं स्वागत केलं. पण राजापेठेतल्या माणसाच्या जागी उभं राहून विचार करा. वस्तू घरात ठेवायला परवाना नको. नागपूरला तज्ज्ञाला दाखवायला न्यायची तर हवा. 'ही वस्तू क्युरिओ आहे' हे ठरवणार कोण? ते ठरेपर्यंत ठाणेदाराच्या दृष्टीने ते एक विनापरवाना रिव्हॉल्वर, आणि पंचनामा आधी होतो, खुलासा मागून. नियम चांगला आहे, पण जिल्ह्याच्या पातळीवर त्याला हातपाय फुटलेले नाहीत.

एवढ्यावर भागत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू, असं १९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम म्हणतो. ती परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. १८९० सालचं रिव्हॉल्वर या कायद्यातही येतं. त्याची मूठ हस्तिदंती असेल, आणि संस्थानी भेटीची पुष्कळदा असत, तर वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो. हातभर लांबीचीही नसलेली एक वस्तू, आणि तिच्याभोवती तीन कायदे, तीन खाती.

पैशाच्या बाजूबद्दल थोडक्यात. सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करण्यावर १९८० च्या दशकात बंदी आली. तेव्हापासून आधीच देशात असलेली वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट यांच्या किमती त्यांच्या मूळ मोलाशी फारकत घेऊन लाखांत गेल्या. कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्वर बाजारात आलं. त्याची घडण वेब्लीच्या चौथ्या नमुन्यावरून घेतलेली आहे, त्यामुळे जुनी वेब्ली पाहिलेल्याला ते ओळखीचं वाटतं. पण जुन्या परदेशी नगाला मोल येतं ते ते जुनं म्हणून नव्हे, परदेशी आणि चालू म्हणून. हा बाजार स्वसंरक्षणाचा आणि प्रतिष्ठेचा आहे. त्यात शिरलेलं रिव्हॉल्वर चकाकवलं जातं, निकेलचा मुलामा चढवला जातो, मूठ बदलली जाते. 'रिस्टोअर' केलं असं त्याला म्हणतात, आणि माझ्या मते जुन्या रिव्हॉल्वरचं सगळ्यात मोठं नुकसान गंजाने नाही, या कामाने झालं आहे.

कसं ते सांगायला हवं, कारण या छंदाचा सारा जीव इथेच आहे. जुन्या रिव्हॉल्वरचा पृष्ठभाग म्हणजे त्याची जन्मकुंडली. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा मुकुट आणि त्याखालची अक्षरं, बेल्जियमच्या लिएजची लंबगोलातली 'ईएलजी' ही खूण, वेब्ली अँड स्कॉटची पंख असलेली गोळी, हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा बाण आणि त्याखालचा 'आय', नळीवर कोरलेलं विक्रेत्याचं नाव आणि गाव. या खुणा पोलादात कागदाच्या जाडीइतक्याच खोल असतात. बफिंगच्या चाकावर दोन मिनिटं धरलं की त्या पुसट होतात, कडांची धार जाते, स्क्रूभोवतीची सपाटी बशीसारखी खोलगट होते. जाणकार ग्राहक पहिल्यांदा तेच पाहतो. मग पाहतो चौकटीवरचा, नळीवरचा आणि चक्रीवरचा क्रमांक. तिन्ही जुळले तर नग अस्सल. नाही जुळले तर दोन-तीन मोडक्या रिव्हॉल्वरांचं कडबोळं.

निळसर-काळी झाक ही आणखी एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकात ती कोळशाच्या भट्टीत किंवा मुद्दाम हलका गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा चढवून आणत. काम कित्येक दिवस चाले. आज क्षारांच्या गरम द्रावणात बुडवून तासाभरात काळी कुळकुळीत झाक येते, पण ती जुन्या झाकेसारखी दिसत नाही. काळ्या दारूचा मळ आणखी वाईट. त्यातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवावी लागते. तेलाचा बोळा फिरवून तो मळ जात नाही. वऱ्हाडाच्या हवेचाही यात वाटा आहे. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लाकडी मूठ सुकून तडकते. जूनअखेर पाऊस लागला की त्याच फटीतून ओल शिरते आणि मुठीखालचं पोलाद आतून खात जाते. बाहेरून सगळं ठीक दिसतं. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढून कुंकू-अक्षता वाहून तसंच पुन्हा फडक्यात गुंडाळणं हा आमच्याकडचा खास प्रकार. ते फडकं वर्षभर ओल धरून ठेवतं. चामड्याच्या म्यानात ठेवणं त्याहून वाईट, कारण कमावलेल्या चामड्यातलं आम्ल पोलाद खातं. जपायचं तर सुकं करायचं, पातळ तेल किंवा मेण द्यायचं आणि हात लावायचा नाही. याला फार तर अर्धा तास लागतो, आणि कुठलाच कायदा त्याच्या आड येत नाही.

न घासलेल्या वस्तूची किंमत काय होऊ शकते, याचं टोकाचं उदाहरण पॅरिसचं. २०१९ मध्ये तिथे गंजून कुजलेलं, मुठीची लाकडं गळून गेलेलं सात मिलिमीटरचं एक रिव्हॉल्वर लिलावात निघालं. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या ओव्हेर गावच्या एका शेतात ते सापडलं होतं, आणि व्हॅन गॉगने स्वतःवर गोळी झाडली ती याच रिव्हॉल्वरने असावी असा कयास आहे. त्याचे १,६२,५०० युरो आले. कुणी ते घासूनपुसून लख्ख केलं असतं तर उरलं असतं फक्त एक स्वस्त जातीचं रिव्हॉल्वर. जमिनीत किती काळ पडून होतं याचा अंदाज गंजावरूनच करता आला, आणि तो अंदाजच त्याचा पुरावा.

आपल्याकडचं उदाहरण उलट्या दिशेचं आहे, पण धडा तोच. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सवर भगतसिंग आणि राजगुरू यांनी गोळ्या झाडल्या. (खेडच्या शिवराम हरी राजगुरूंचं व्यायामाच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान आखाड्याशी नातं सांगितलं जातं.) भगतसिंगांचं .३२ कोल्ट पिस्तूल पुढे सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रशाळेत पोचलं आणि तिथल्या संग्रहालयात इतर पिस्तुलांबरोबर पडून राहिलं. गंज लागू नये म्हणून त्याच्यावर रंग चढवलेला होता. २०१६-१७ च्या सुमारास रंग खरवडून क्रमांक वाचला, तो खटल्याच्या कागदांतल्या क्रमांकाशी पडताळला, तेव्हा कळलं हे कोणाचं. आता ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे. ज्याने रंग दिला त्याचा हेतू जपण्याचाच होता. आणि क्रमांक जुळवायला न्यायालयाचा कागद शिल्लक नसता, तर रंग खरवडूनही हाती काही लागलं नसतं.

आता संग्राहकांच्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. चालू स्थितीतल्या जुन्या रिव्हॉल्वरने कोण कशाला गुन्हा करील, असं संग्राहक नेहमी विचारतात. इंग्लंडने याचं उत्तर अनुभवातून दिलं. तिथे काडतूस मिळत नाही अशा जुन्या बोअरची रिव्हॉल्वरं शोभेची वस्तू म्हणून विनापरवाना ठेवता येत. ग्लॉस्टरशायरमधला एक व्यापारी अशी रिव्हॉल्वरं आयात करून त्यांच्यासाठी घरीच काडतुसं बनवी. त्याच्या मालाचे धागेदोरे शंभरावर गुन्ह्यांच्या जागी सापडले, आणि २०१७ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२१ मध्ये ब्रिटनने नियम बदलले. पुरावस्तू ठरायला १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची घडण सक्तीची झाली आणि सात जुनी काडतुसं सवलतीच्या यादीतून वगळली गेली. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीची बंदूक संघराज्याच्या कायद्याने आजही मोकळी आहे. पण तिथे नवी बंदूकच किराणा मालाइतकी सहज मिळते, म्हणून चोराला जुनीची गरज नाही. आपली तुलना व्हायची तर ब्रिटनशी. नवं हत्यार दुर्मीळ असतं तिथे जुन्यावर वाईट नजर जाते.

शिवाय आमच्या उशाशी सातपुडा आहे. मेळघाटाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या पाचोरीसारख्या गावांचं नाव वर्तमानपत्रात येतं ते देशी कट्ट्यांच्या बातम्यांत. 'कट्टा पकडला' ही बातमी अमरावती-अकोल्यात नवी नाही. त्या गावांतले काही कारागीर शिकलीगर समाजाचे, ज्यांचे पूर्वज तलवारी घडवत आणि पाजळत. आमच्या बाजूचे शिकलगारही त्याच पेशाचे. भट्टी, कानस आणि नुसत्या नजरेच्या अंदाजावर पोलादाचा सुटा भाग घडवणं हे जुनं हत्यार पूर्ववत करणाऱ्याचंच कौशल्य. परदेशातली संग्रहालयं असा हात शोधत फिरतात. आमच्याकडे कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणंही गुन्हा, त्यामुळे या कौशल्याला कट्ट्याखेरीज वाटच उरली नाही. काही जणांच्या धंद्याने सबंध समाजावर शिक्का बसला, ती गोष्ट निराळीच. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने यातल्या चार तरुणांना संग्रहालयातल्या तलवारी-बंदुकांच्या जतनासाठी नेमलं, तर कुठला कायदा मोडेल?

संग्रहालयांचं म्हणाल तर महाराष्ट्रात ती आहेत. दिनकर केळकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पुण्यात सुरू केलेला संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारला दिला. त्यात शस्त्रंही आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात, नागपूरच्या अजब बंगल्यात (स्थापना १८६३) शस्त्रदालनं आहेत. पण त्यांचा सारा झोक तलवार, कट्यार, ढाल, जंबिया आणि तोड्याच्या बंदुकीकडे. परवाना, किताब, शिकार आणि सावकारी यांच्यातून आलेलं १८५३ ते १९४७ चं हत्यार तिथे जवळजवळ पोरकं आहे. तो काळ वऱ्हाडाच्या घडणीचा, पण रिव्हॉल्वर इंग्रजांचं म्हणून आपलं वाटत नाही आणि भरमार गरिबाची म्हणून तिला काच मिळत नाही. अमरावतीत किंवा अकोल्यात त्या शतकभराची शस्त्रं पाहायला मिळावीत अशी एकही जागा माझ्या माहितीत नाही.

तोवर होतं काय? परवानाधारक वारतो. मुलगा पुण्याला, नातू बंगळूरला. बंदूक कुणालाच नको असते. कायद्याप्रमाणे ती जवळच्या ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा होते. मुदतीत कुणी वारस परवाना घेऊन आला नाही तर सरकारजमा. पुढे तिची वाट मुद्देमाल खोलीतून भट्टीकडे. या वाटेवर एकदाही कुणी विचारत नाही, की ही काही जुनी चीज आहे का. निवडणूक आली की आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात. म्हणजे दर काही वर्षांनी जिल्ह्यातली बरीच जुनी शस्त्रं आपण होऊन चालत एका छताखाली येतात. पुरातत्त्व खात्याचा एक माणूस त्या पंधरवड्यात वही आणि कॅमेरा घेऊन राजापेठ ठाण्यात, अचलपूरला, अकोटला बसला, तर वऱ्हाडातल्या जुन्या शस्त्रांची यादी फुकटात तयार होईल. असं कुठे झाल्याचं ऐकिवात नाही.

माझा कल यावरून लपणारा नाही. चालू स्थितीत आणलेल्या रिव्हॉल्वरांचा खासगी संग्रह इथे नको. कायदा आडवा येतो म्हणून नव्हे, तर त्या उद्योगात वस्तूही मरते आणि धोकाही वाढतो म्हणून. पण परत फिरवता येईल अशा रीतीने निकामी केलेलं, न घासलेलं, कागदपत्रांसह नोंदवलेलं जुनं हत्यार घरात किंवा संग्रहालयात निर्धास्त ठेवता यावं, इतकी सोय कायद्याने करायला हवी. आज निकामी करणं म्हणजे नळीत शिसं ओतणं नाहीतर नळी कापणं, अशी समजूत आहे. घोड्याची आघाताची सुई काढून वेगळी जमा केली तरी पुष्कळ काम होतं आणि वस्तू शाबूत राहते. ते कायद्याला पुरेल का, हे सांगणारं ठोस मार्गदर्शन ठाण्याच्या पातळीवर पोचलं पाहिजे.

ज्यांच्या घरी आज अशी वस्तू परवान्यावर आहे त्यांना एक गोष्ट करता येते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे बंदूक पंचवीस वर्षं राहिली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारस नेमून परवाना त्याच्या नावे मागू शकतो. पुष्कळांना हे ठाऊक नसतं, आणि मग सुतक संपायच्या आधी घरच्यांना ठाण्याच्या चकरा सुरू होतात. अर्ज करताना जुनं परवान्याचं पुस्तक, नूतनीकरणाचे शिक्के असलेली सगळी पानं, खरेदीची पावती आणि असेल तर किताबाचं पत्र यांच्या छायाप्रती आधी काढून घ्याव्यात. नवा परवाना मिळताना जुनं पुस्तक बहुतेकदा कार्यालयात जमा होतं, आणि तिथून ते परत मिळत नाही.